डावीकडे ओढणारा कंट्रोलर

लेकीने तिचा व्हिडिओ गेमचा कंट्रोलर मला दिला नाही, तिथून हे सगळं सुरू झालं.

"आई, तुझा अंगठा आहे की हातोडा?" ती म्हणाली. "दोन दिवसांत दांडी मोडून ठेवशील. पहिल्या पगाराचा आहे तो. मी कुणाला हात लावू देत नाही."

"कुणाला म्हणजे? आईलासुद्धा?"

"आईला तर मुळीच नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नऊ महिने पोटात वागवलं ती बया मला खेळण्यावरून अडवत होती! आणि मला खेळायचं कुठे होतं? मला माझं काम वाचवायचं होतं.

सांगते. मी लोखंडी साचे बनवणाऱ्या कारखान्यात क्रेन चालवते. छताखालच्या रुळांवरून धावणारी क्रेन, तिला चिकटलेली काचेची केबिन आणि केबिनमध्ये मी, जमिनीपासून तीन मजले वर. तेवीस वर्षं झाली. इकडचा साचा उचलायचा, तिकडे नेऊन ठेवायचा. आता कंपनीच्या डोक्यात आलं की माणसं वर बसवायची कशाला? क्रेनवर कॅमेरे लावले, खाली एक थंडगार खोली केली, भिंतभर पडदे टांगले. यापुढे तिथे खुर्चीत बसून, पडद्याकडे बघत, दोन हातांत मावणाऱ्या कंट्रोलरने क्रेन चालवायची. तो कंट्रोलर म्हणजे लेकीच्या कंट्रोलरचा सख्खा भाऊ. अंगठ्यांखाली दोन दांड्या, बोटांखाली बटणं. आम्ही क्रेनवाले आठ जण आणि खुर्च्या पाच. गुरुवारी परीक्षा. ज्यांना जमणार नाही त्यांची रवानगी पॅकिंगला, खोकी चिकटवायला.

खोकी चिकटवायची! मी!

शनिवारी दुकान उघडायच्या आधीच मी दारात उभी होते. दुकानदार कुलूप काढत म्हणाला, "ताई, आत तर येऊ द्या मला." काचेच्या कपाटातला कंट्रोलर त्याने दाखवला, किंमत सांगितली आणि माझा पर्सवरचा हात आपोआप खाली आला.

"यातलाच जरा स्वस्तातला नाही का?"

त्याने काउंटरखालून एक खोकं काढलं. कंपनीचं नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. "हा घ्या. वायर नाही, सगळ्याला चालतो, शिवाय रंगीत दिवे लागतात."

"दिवे घेऊन मी काय करू? टिकतो का ते सांगा."

"घेणारे घेतात, ताई."

"हे काय उत्तर झालं?"

"बरं, सात दिवसांत काही वाटलं तर बदलून देईन. पावती जपून ठेवा."

घरी आले तेव्हा लेक बाहेर निघाली होती, पण मी उलटीसुलटी बटणं दाबताना तिला बघवलं नाही. चप्पल काढून ती परत आत आली आणि तिने तो जोडून दिला. दिवे मात्र झकास लागले. हिरवा, निळा, जांभळा. "आता नाचायला लागेल हा," ती म्हणाली. मग तिने गाड्यांच्या शर्यतीचा खेळ लावला. माझी गाडी सुटली ती थेट डाव्या कठड्याला जाऊन घासत राहिली. मी पुन्हा सोडली, पुन्हा कठडा.

"दे इकडे." तिने कंट्रोलर घेतला, दोन्ही अंगठे वर उचलून धरले. कुणी हात लावलेला नसताना गाडी हळूहळू डावीकडे वळली. "बघ. हा डावीकडे ओढतोय. दांडीतच खोट आहे. आत्ताच्या आत्ता बदलून आण."

"काही नको. ओढतोय तर आपण उजवीकडे थोडं रेटून धरायचं."

"अगं पण का?"

"कारण यंत्रं अशीच असतात. माझी चार नंबर क्रेन तेवीस वर्षं उजवीकडे जाते. साचा लटकलेला असला की थांबवली तरी वीतभर सरकूनच थांबते. मी काय करते? वीतभर आधी थांबवते. बसतो साचा बरोब्बर जागेवर."

लेकीने कंट्रोलर खाली ठेवला. "म्हणजे तिचा ब्रेक बिघडलाय?"

"बिघडलेला नाही. सवयीचा आहे."

"हे ऑफिसात माहीत आहे?"

"दूध उतू जातंय बघ," मी म्हटलं. गॅसवर दूध नव्हतंच.

ऑफिसात माहीत नव्हतं. केबिनमध्ये एक नोंदवही असते. पाळी संपली की तारीख घालायची आणि 'दोष' या रकान्यात लिहायचं. मी रोज लिहायची, 'नाही'. आम्ही सगळेच लिहायचो. ज्याने हाताला धरून मला क्रेन शिकवली, ज्याला सगळा कारखाना पैलवान म्हणतो, त्यानेच पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "दोष लिहिलास की क्रेन बंद ठेवतात आणि तुला खाली झाडू मारायला लावतात. शिवाय सगळे म्हणणार, बाईला क्रेन झेपत नाही. त्यापेक्षा गप चालवायचं." मी गप चालवली. पहिल्या वर्षी भीतीने लिहिलं नाही, मग गुर्मीने लिहिलं नाही. आणि दहा वर्षं 'नाही' लिहिल्यावर अकराव्या वर्षी 'आहे' कोणत्या तोंडाने लिहिणार? चार नंबर फक्त दिवसपाळीला चालते आणि दिवसपाळी माझी. तेव्हा प्रश्नच आला नाही.

ते पाच दिवस मला एका जागी बसवत नव्हतं. कामावरून आले की पर्स टाकायची आणि टीव्हीसमोर. नवरा बिचारा आपलं ताट आपण वाढून घ्यायचा आणि माझ्या मागून वाकून बातम्यांची वेळ झाल्याचं सांगायचा. "बातम्या कुठे पळून चालल्यात?" मी खेकसायची. जेवताना माझा अंगठा वाटीच्या कडेवर उजवीकडे रेटत असायचा. पाण्याच्या रांगेत, केबिनमध्ये, आंघोळ करतानासुद्धा. दोनदा उठून मी पावती कपाटात आहे का बघितली, आणि का बघितली म्हणून स्वतःवरच चिडले.

पण हात बसला. सोमवारी गाडी कठड्याला लागायची थांबली, मंगळवारी मी लेकीच्या मागोमाग पोहोचले आणि बुधवारी संध्याकाळी तिला चक्क हरवलं. मी खोलीभर नाचले. लेक हसली, मग उठली आणि तिचा तो जिवापाड जपलेला कंट्रोलर तिने माझ्यासमोर ठेवला.

"आई, आता अर्धा तास यावर खेळ. उद्याचा धड असणार. न ओढणारा."

"शनिवारी माझा अंगठा हातोडा होता ना?"

"चुकलं माझं. घे ना."

मी घेतला नाही. हात पुढे होतही होता, पण नाकावरचा राग आडवा आला. असला माझा स्वभाव.

गुरुवारी आम्ही आठही जण त्या थंडगार खोलीबाहेरच्या बाकांवर बसलो. परीक्षा घ्यायला बाहेरून एक साहेब आले होते, हातात फळी, फळीवर कागद. त्यांनी सांगितलं, प्रत्येकाला दोन खेपा. साचा उचलायचा आणि पलीकडच्या पिवळ्या चौकटीत ठेवायचा. "क्रेन सगळ्यांना एकच. चार नंबर. नोंदवही बघूनच निवडली. तेवीस वर्षांत एकही दोष नाही."

सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

पहिला पैलवान आत गेला. काचेतून आम्हाला पडदा दिसत होता. त्याने साचा अलगद उचलला, नेला, चौकटीवर थांबवला आणि साचा वीतभर उजवीकडे सरकला. दुसऱ्या खेपेला त्याने अंगठा आणखी हलका ठेवला. पुन्हा वीतभर उजवीकडे. वर केबिनमध्ये असता तर त्याला बुडाखाली कळलं असतं की ब्रेक सरकतोय. खुर्चीला काय कळणार? त्याच्यानंतर चौघे गेले. कुणी अंगठ्याला दोष दिला, कुणी पडद्याला, साचा मात्र प्रत्येकाचा वीतभर उजवीकडेच. साहेब फळीवर फुल्या मारत होते.

माझी पाळी आली. मला तर सगळं माहीत होतं. वीतभर आधी थांबवायचं, बस्स. मी साचा उचलला, नेला, वीतभर आधी थांबवला. आणि साचा दोन विता उजवीकडे जाऊन थांबला, बाकीच्यांसारखाच चौकटीबाहेर.

मी खाली बघितलं. माझा अंगठा दांडीला उजवीकडे रेटून धरत होता. मी त्याला सांगितलंच नव्हतं! पाच दिवस त्या नाचऱ्या दिव्यांच्या कंट्रोलरची खोट सांभाळून तो शहाणा झाला होता, आणि इथे खोट नव्हती तरी सांभाळत होता. खोट सांभाळायची इतकी सवय, की खोट कुठली आणि हात कुठला हे मलाच कळेना.

दुसऱ्या खेपेला वीतभर आधी मी अंगठा उचलला. नुसता उचलला, हवेत धरला. साचा वीतभर सरकला आणि चौकटीच्या बरोब्बर मध्ये बसला.

"शाब्बास!" साहेब म्हणाले आणि काचेकडे वळून बाकीच्यांना ऐकू जाईल असं बोलले, "बघितलंत? क्रेनमध्ये काही नाही. सगळा हाताचा प्रश्न आहे." त्यांनी माझ्यापुढे कागद सरकवला. "बाई, इथे सही करा. तुमची खुर्ची पक्की समजा."

कागदावर तोच छापील रकाना होता. यंत्रात दोष. मी पेन घेतलं. काचेपलीकडे पैलवान बसला होता, उजवा अंगठा डाव्या मुठीत धरून चोळत. दार उघडंच होतं. माझ्याकडे बघून तो हसला आणि म्हणाला, "पोरी, छान केलंस. आमच्या अंगठ्यात आता जोर राहिला नाही बघ."

मला रडूच आलं. तीस वर्षं क्रेन चालवलेला माणूस माझ्या 'नाही'मुळे स्वतःचा अंगठा चोळत बसला होता. आणि उद्यापासून तर कुठल्याही खुर्चीतून कुठलीही क्रेन चालणार होती. चार नंबर दुसऱ्या कुणाच्या हाती लागणार, खाली साखळी सोडवणाऱ्याचा हात साच्याखाली असणार, आणि वीतभर म्हणजे अख्खा पंजा. माझ्याच्याने त्या रकान्यात नेहमीचा शब्द लिहवेना.

मी लिहिलं, 'आहे. ओझं असताना वीतभर उजवीकडे सरकते. पहिल्यापासून.' आणि खाली सही केली.

साहेबांनी वाचलं, पुन्हा वाचलं. "पहिल्यापासून म्हणजे?"

"म्हणजे तेवीस वर्षं. मी वहीत खोटं लिहीत होते."

मग जे व्हायचं ते झालं. ओझं लटकवून क्रेन तपासली, तिला कुलूप लावलं. परीक्षा रद्द, सोमवारी सगळ्यांची पुन्हा, एक नंबर क्रेनवर. सगळ्यांची म्हणजे माझी सोडून. मला उद्या सकाळी मॅनेजरकडे बोलावलं होतं, नोंदवह्या घेऊन. खुर्ची मिळेल, खोकी मिळतील की तीही नाहीत, ते ठरायचं होतं. बाकांवरून उठून बाकीचे मला वळसा घालून निघून गेले. पैलवान तेवढा फाटकापर्यंत बरोबर आला. शेवटी म्हणाला, "मीच तुला शिकवलं होतं ते," आणि रस्ता ओलांडून गेला.

घरी लेक दारातच उभी होती. "काय झालं?"

"चल. पावती घे."

रस्त्याने मी तिला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिने खोकं माझ्या हातातून स्वतःकडे घेतलं. दुकानात गर्दी होती. रांगेत मी सारखी या पायावरून त्या पायावर होत होते.

"बोला ताई, काय झालं याला?" दुकानदाराने विचारलं.

"दोष आहे. डावीकडे ओढतो."

त्याने तो जोडून बघितला. पडद्यावरचा ठिपका कुणी न हलवता हळूच डावीकडे सरकला. तो हसला. "अहो, हे एवढंसं? स्वस्तातल्यात इतकं चालतंच. चार दिवस वापरा, हाताला सवय होऊन जाते."

"होते," मी म्हटलं. "म्हणूनच बदलून द्या."