जिन्यातला तेलाचा वास

वीज गेली की उर्कुया आधी सासूच्या रजईत हात घालायची. गॅसचा डबा तिथं असायचा. नारिन शहराच्या थंडीत डबा गारठला की आतला गॅस जागचा हलत नाही, शेगडी नुसती फुसफुसते. म्हातारीच्या कुशीतली ऊब हाच त्यावर इलाज.

"या वयात कुशीत काय घेऊन निजायची वेळ आली बघ," डबा बाहेर काढून देताना सासू म्हणायची. "तुझा सासरा घोरायचा, पण निदान लोखंडाचा नव्हता."

शेगडी बेलेकची, उर्कुयाच्या मुलाची. उन्हाळ्यात तो घोडे घेऊन परदेशी पाहुण्यांना डोंगर दाखवायचा. पाहुण्यांना गॅस विमानात नेता येत नाही, म्हणून परत जाताना ते अर्धेमुर्धे डबे त्याच्याच गळ्यात मारून जायचे. पलंगाखाली पोतंभर साठले होते. काय हे भंगार, म्हणून उर्कुया ओरडायची. आता हिवाळाभर वीज आली तर आली, चौथ्या मजल्यावर चूल पेटवायची सोय नाही, आणि ते भंगारच दोघी बायकांना चहा पाजत होतं. एकेक डबा कानाशी धरून ती हलवायची. आत खळखळलं तर आणखी दोन-चार वेळचं भागलं.

बेलेक सप्टेंबरात भरकटलेल्या दोन घोड्या आणायला खिंडीपलीकडे गेला, आणि त्याच रात्री बर्फ पडला. माणसं शोधायला गेली, आली, पुन्हा गेली, मग खिंडच बंद झाली. "आता वसंतात बघू," म्हणाले. उर्कुयानं तेवढं वाक्य घट्ट धरून ठेवलं. वसंतात बघू, म्हणजे बघायचं अजून राहिलंय.

त्या दिवसापासून तिनं घरात तळण बंद केलं. गुरुवारी घरोघर तेल तापतं ते गेलेल्यांसाठी. तापल्या तेलाचा वास त्यांच्यापर्यंत पोचतो आणि त्यावरच त्यांचं पोट भरतं, हे नारिनमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. नवरा जुमादिल गेल्यापासून तीही दर गुरुवारी त्याच्या नावानं बोरसोक तळायची, पिठाचे छोटे छोटे फुगे. पण आता तेल तापवलं तर लोक काय समजतील? वासावर थोडंच नाव लिहिलेलं असतं? त्यापेक्षा जुमादिल उपाशी राहिलेला बरा. जिवंत होता तेव्हा तरी जेवायच्या वेळी कुठं घरी असायचा!

फेब्रुवारीत एकदा वीज गेली ती आलीच नाही. फोन मेले, टीव्ही मुका झाला. दिवस उजाडायचा आणि मावळायचा, पण त्याला वार असा उरला नाही. विजेची भट्टी बंद, त्यामुळे ताजा पाव नाही. होता तो दगड झाला.

"पोरी, हा पाव आहे की घोड्याचा नाल?"

"चहात बुडवा, एने." सासूला ती एने, म्हणजे आई, अशीच हाक मारायची.

"बुडवला. चहा कडक झाला, पाव नाही." सासूनं तोंडातला तुकडा काढून बशीत ठेवला. "मूठभर बोरसोक तळून दे. मऊ. दात नसलेल्या माणसाला आणखी काय देणार आहेस?"

"तेल नको, एने."

"अगं, आज बुधवार. बुधवारी तेलाकडे कोण बघतंय?"

उर्कुयानं आठवून बघितलं. पाणी भरलं तो दिवस, त्याच्या आदला दिवस, सगळं एकात एक मिसळलेलं. असेल बुधवार. म्हातारीचे हात काड्यांसारखे झाले होते, आणि आपण तिला चहावर ठेवलंय, हे उर्कुयाला खात होतं.

तिनं पीठ मळलं, फळीवर लाटलं, सुरीनं चौकोन पाडले. शेगडीवर कढई मावेना म्हणून लहान पातेल्यात तेल घातलं आणि पातेलं एका हातानं धरून बसली. पहिला तुकडा तळाशी गेला, थोडा विचार केल्यासारखा थांबला आणि टम्म फुगून वर आला. किती महिन्यांनी! तिच्याही तोंडाला पाणी सुटलं, आणि त्याची तिला लाज वाटली.

सगळी इमारत गारठलेली. कुणाच्याच घरी काही शिजत नव्हतं. अशा जिन्यात तापल्या तेलाचा वास शिरला, की तो पार खालच्या दारापर्यंत जाणारच.

दारावर थाप पडली. दुसऱ्या मजल्यावरची झुरा एजे डोक्याला रुमाल बांधून उभी. हातात वाटीभर साखर. तिच्यामागे कठड्याला धरून कलिक अता, गल्लीत कुणाचंही काही झालं की कुराण वाचायला येणारे.

"बरं केलंस गं बाई," झुरा एजेनं तिला मिठीत घेतलं. "आम्ही सगळे वाटच बघत होतो. तोंडानं कसं सांगायचं तुला?"

"चार मजले!" कलिक अता धापा टाकत म्हणाले. "आज माझ्याही नावानं वाचून टाकावं लागतंय वाटतं."

"तुम्ही... कशाला आलात?" उर्कुयानं विचारलं. "आज बुधवार आहे."

"गुरुवार आहे, राणी," झुरा एजे हळूच म्हणाली. "वीज गेली म्हणून वार थांबतात होय?"

उर्कुयानं वळून सासूकडे बघितलं. सासू रजईची किनार चिमटीत धरून दुमडत होती, पुन्हा उलगडत होती.

दारातून कुणाला परत पाठवायचं नसतं. दोघं गालिच्यावर बसली. झुरा एजेनं स्वतःच उठून बोरसोक ताटात पसरले, साखर मध्ये ठेवली. कलिक अतांनी टोपी सारखी केली, तळवे उघडले आणि विचारलं, "कुणाकुणाच्या नावानं वाचू?"

"जुमादिल," उर्कुया म्हणाली.

"जुमादिल." ते थांबले. "आणि?"

शेगडी फुरफुरत होती. उर्कुयाला वाटलं, आपण आत्ता उठावं, खिडक्या उघडाव्यात, सगळा वास बाहेरच्या बर्फात फेकून द्यावा. म्हणजे काही झालंच नाही.

"एने, तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"होतं."

"मग का?"

"अगं, वीज होती तोवर सगळ्यांची माणसं दर गुरुवारी जेवली," सासू म्हणाली. "तुझा पोरगा दारोदार हुंगत फिरत असेल. माझ्या डोळ्यापुढून हलत नाही तो. तू वसंतापर्यंत थांबशील, मला कुठं तेवढा वेळ आहे?" तिनं रजईची किनार सोडली. "नाव मी नाही घेणार. तू आई आहेस. नको असेल तर नको घेऊस. मग आम्ही नुसतं खाऊ आणि उठू."

कलिक अतांचे म्हातारे हात उघडेच. त्यांनी ते खाली घेतले नाहीत. उर्कुयाला सासूवर रागावताही येईना. महिनोन् महिने म्हातारी रोज ताटावर बसायची, चार घास टाकून उठायची. उर्कुया समजायची, दात नाहीत म्हणून.

"बेलेक," ती म्हणाली.

इतकं हळू, की कलिक अतांनी ऐकलं की ओठांवरून ओळखलं, कळलं नाही. त्यांनी वाचायला सुरुवात केली. शेवटी सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. उर्कुयाचे हात पिठाचे, तेलाचे. तिनं तसेच फिरवले.

ताटातले चार चार बोरसोक खाऊन, दोन रुमालात बांधून शेजारी उठले. जाताना झुरा एजे म्हणाली, "विझव आता ती शेगडी. गॅस संपवशील, उद्या चहाला काय करशील?"

फळीवर निम्मं पीठ अजून तसंच होतं. उर्कुया पातेल्यापाशी जाऊन बसली.

"नाव घेऊन बोलावलंय, एजे. अर्धपोटी कसं पाठवू?"

आणि तिनं पुढचा चौकोन तेलात सोडला.