उशीतला हिरा, कागदावरची तिजोरी

साहेब, खोटं तुमच्या विम्याच्या कचेरीनं लिहिलं आणि खोटारडा ठरवलंत सुबरावला. हे मी तोंडावर सांगते. कारण ते खोटं ज्या कागदावर लिहिलं गेलं, तो कागद तुमच्या माणसानं माझ्याच अंगावर टेकवून लिहिला होता.

मित्रांनो, बिचकू नका. मी एक जुनी उशी आहे. उशीला राग येतो हे तुम्हांला ठाऊक नसेल. पंचवीस वर्षं लोकांची डोकी सांभाळून पुढची चौदा माळ्यावर काढली की येतो.

माझा कापूस खानापूरकडचा. जयवंताच्या वडिलांच्या भातशेताच्या बांधावर सावरीची दोन झाडं होती. चैत्रात बोंडं उकलली की कापूस गोठ्यातल्या म्हशींच्या पाठीवर जाऊन बसायचा. १९०८ साली जयवंताचं लग्न ठरलं, तेव्हा तिच्या बहिणींनी तो कापूस वेचला. लग्न आठ दिवसांवर आलेलं, त्यामुळे बिया सगळ्या काही निघाल्या नाहीत. खोळ मात्र शहापूरची, नवऱ्या मुलानं स्वतः विणलेली. सुबराव साड्या विणायचा, पण माझ्यासाठी त्यानं निळ्या पट्ट्यांचं जाड कापड काढलं. एवढा मान कुठल्या उशीला मिळतो?

ते दिवस आठवले की आजही मऊ वाटतं. दिवसभर मागाची खटखट. जयवंता उंबऱ्यात बसून सुताच्या कांड्या भरायची. दुपारी सुबराव मागाच्या खड्ड्यातून वर यायचा आणि माझ्यावर डोकं टेकायचा. त्यांची लेक इंदुताई माझ्यावरच रांगायला शिकली. पाहुणे म्हणायचे, "उशी काय हाय गं जयवंता! टेकलं की डोळा लागतोय."

लग्नाच्या पहिल्याच वर्षी सुबराव बोलून गेला होता, "चार माग झालं की तुझ्या बोटात हिऱ्याची अंगठी घालतो." चार माग व्हायला पंचवीस वर्षं लागली. पण माणूस बोलल्याला जागला. खडेबाजारातल्या सराफाकडून त्यानं एक सुटा हिरा आणला, हरभऱ्याच्या डाळीएवढा.

आता आमच्या घरची रीत ऐका. हिरा आणला आणि लगेच कोंदणात बसवला, असं चालत नाही. जिला घालायचा तिनं सात रात्री तो उशाखाली घेऊन निजायचं. ताप आला, वाईट स्वप्न पडलं, तर परत करायचा. मानवला तरच सोनाराकडे न्यायचा.

"पंचवीस वर्सं तुमच्या घोरण्याशेजारी काढली," जयवंता हसून म्हणाली. "सात राती खड्याशेजारी काढाय काय जातंय मला?"

पण सुटा खडा घरात ठेवायचा म्हणजे सुबरावला घोर. सराफानंच सुचवलं, विमा उतरवा. म्हणून विम्याचा एजंट आण्णाप्पा घरी आला. मला मांडीवर घेतलं, माझ्यावर कागद ठेवला.

"वस्तू कुठं ठेवणार?"

"उशीत," सुबराव म्हणाला.

"आप्पा, चेष्टा करतायसा काय?"

"चेष्टा कशाची?" जयवंता म्हणाली. "खडा मानवतोय का बघाय नको? ही बघा, हिच्यातच."

"वैनी, वरचा साहेब हसंल. तिजोरी लिवतो. समदे तिजोरीच लिवत्यात."

"आमच्यात तिजोरी न्हाय रं," सुबराव म्हणाला.

"कागदावर असली म्हंजे झालं. करा सही."

कागद इंग्रजीत. सुबरावनं खाली मोडीत सही केली. चूक तेवढीच. न वाचता सही केली, हे मी झाकत नाही.

जयवंतानं माझा कोपरा दोन बोटं उसवला, हिऱ्याची कागदी पुडी आत सारली आणि टाके घातले. सात रात्री झाल्या. ताप नाही, स्वप्न नाही. आठव्या सकाळी तिनं टाके उसवले. पुडी निघाली. उलगडलेली, मोकळी.

डोक्याच्या भारानं पुडी उमलली होती आणि हिरा माझ्या पोटात उतरला होता. त्यांनी हात घालून चाचपलं. हाताला कडक काही लागलं की सावरीची बी. पुन्हा बी. पुन्हा बी. शेवटी हात बाहेर आला. मला ठाऊक होतं, पण उशीला तोंड कुठलं?

सुबरावनं विम्याच्या भरपाईसाठी अर्ज केला, मग तुमचा तपासनीस आला, साहेब. आधी म्हणाला, तिजोरी दाखवा. मग त्यानं चाकूनं मला उभी चिरली, कापूस काठीनं उडवला आणि वर विचारलं, "हिरा होता कशावरून?" महिन्यानं पत्र आलं. शाळेच्या मास्तरांनी वाचून दाखवलं : अर्जदारानं जाणूनबुजून खोटं लिहून दिलं आहे.

मित्रांनो, विणकराचं घर शब्दावर चालतं. सुताचा व्यापारी इतकी वर्षं नुसत्या शब्दावर सूत द्यायचा, तो आता साक्षीदार मागू लागला. गल्लीत टवाळ पोरं ओरडायची, "काय आप्पा, तिजोरी उघडी हाय का बंद?" सुबराव मान खाली घालून मागाच्या खड्ड्यात उतरायचा.

जयवंता मला टोपलीत भरून बसली. शेजारची बायाक्का म्हणाली, "एकेक बी काय निवडतीस गं? समदं घंगाळात टाक. बी तरंगल, खडा बुडंल." तसंच केलं. कापूस तरंगला, बिया तरंगल्या. गढूळ पाण्यात हिरा डोळ्यांना दिसत नव्हता, पण ज्या बोटांना तुटलेला धागा अंधारात कळतो, त्या बोटांना तो तळाशी लागला.

त्याच दुपारी सुबराव हिरा आणि माझी फाटकी खोळ घेऊन तुमच्या कचेरीत आला.

"मिळाला ना हिरा?" तुमचा कारकून म्हणाला. "मग रडताय कशाला?"

"हिऱ्याचं न्हाय ओ. एक पैसा नको. त्यो खोटं लिवल्याचा शब्द तेवढा खोडा."

"फाईल बंद झालीय."

"उशी उघडलासा की तुम्ही. मग फाईल का उघडत न्हाय?"

कारकुनानं शिपायाला हाक मारली. आण्णाप्पाला साक्ष मागितली, तर तो जमिनीकडे बघत म्हणाला, "आप्पा, मला पोट हाय." सुबरावनं त्याला शिवी दिली नाही. मी दिली असती.

मला वाळवून, पिंजून पुन्हा शिवलं, पण कुणी डोकं टेकलं नाही. पुरावा म्हणून माळ्यावर ठेवलं. धूळ साचली, उंदरांनी एक कोपरा नेला. सुबराव दरवर्षी अर्ज धाडायचा. गेल्या साली तो गेला. शेवटी मला माळ्यावरून काढून त्याचं डोकं माझ्यावर टेकवलं होतं, आणि तेव्हाही तो पोस्टमन आला का, हेच विचारत होता.

हिरा अजून सुटाच आहे. इंदुताई आईला म्हणाली, आता तरी बसवून घे. जयवंता म्हणाली, "त्यांचं नाव आधी धुऊन निघू दे. मग माझं बोट."

मुलांनो, कागद वाचल्याशिवाय सही करू नका. आणि घरातली जुनी वस्तू फेकण्याआधी तिला काय ठाऊक आहे, याचा एकदा विचार करा.

आणि साहेब, परवा पंधरा ऑगस्टला तुमच्याही कचेरीवर तिरंगा लागला, पेढे वाटले गेले. चांगलं झालं. उद्या अकरा वाजता इंदुताई तुमच्या टेबलासमोर उभी राहील. ती इंग्रजी वाचते. तिला "बघू" म्हणू नका, "वर कळवतो" म्हणू नका. सुबराव खरं बोलला होता, हे तुम्ही लिहून देणार की नाही? होय की नाही, बोला.