पाच वायरींचा कपलर

दत्तोबा इंदापूरला वेळेत पोचले नसते, तर फायदा मोहनरावांचाच होता. पतसंस्थेच्या अध्यक्षाची निवड त्याच दिवशी तीन वाजता. मोहनरावांना धरून त्यांच्याकडे पाच संचालक, समोर दत्तोबांना धरून सहा. दत्तोबा गैरहजर म्हणजे बरोबरी, बरोबरी म्हणजे चिठ्ठी; आणि मोहनराव असे नशीबवान, की भिशीची पहिली चिठ्ठी दर वर्षी त्यांचीच निघायची.

दत्तोबा तर बारामतीत अडकलेले. मोडलेला पाय दाखवायला आले होते. मांडीपर्यंत प्लास्टर, तो ताठ पाय एसटीत मावेना, मावायचा फक्त मधली सीट काढलेल्या त्यांच्या जुन्या व्हॅनमध्ये. ती दवाखान्याच्या दारातच बंद पडली. ड्रायव्हरनं ढकलत डेपोमागच्या संघपालच्या गॅरेजात आणली. किल्लीमागचा कपलर, म्हणजे पाच वायरी एकत्र जोडणारा प्लास्टिकचा तुकडा, वितळला होता.

दुसरा कुणी वायरी कापून, पिळून, वर काळी टेप गुंडाळून मोकळा झाला असता. संघपालचं तसं नाही. छत्रीची काडी घासून त्यानं हत्यार केलेलं. वायर आधी जराशी आत ढकलायची, समोरून काडी घालून टर्मिनलची, म्हणजे वायरीच्या टोकाच्या पत्र्याची, बारीक जीभ दाबायची, मगच मागून ओढायची. घाई केली की जीभ मोडते. पाचही टर्मिनल त्यानं अखंड काढली, नव्या कपलरमध्ये बसवली आणि किल्ली फिरवली. इंजिन गप्प; वायपर मात्र काच पुसायला लागले.

संघपालनं कपाळावर हात मारला. निळी, पिवळी, लाल, पांढरी, केशरी! जयंतीला दर वर्षी पाचरंगी पंचशील ध्वज शिवून देणारे त्याचे हात. बोलता बोलता त्यांनी वायरीही त्याच ओळीनं लावल्या होत्या. मूळची ओळ आठवेना, आणि रिकाम्या जुन्या कपलरवर रंग थोडेच लिहिलेले असतात!

"तात्या, चुकलं माझं," तो कुबड्यांवर टेकलेल्या दत्तोबांना म्हणाला. "अंदाजानं लावलं तर सगळं वायरिंग जळंल. एकेक तपासायची तर संध्याकाळ हुईल. अशीच दुसरी गाडी बघायला मिळाली तर..."

"अशी गाडी हाय कुनाकडं? त्या मोहनरावाकडं!"

मोहनरावही त्या दिवशी कामासाठी बारामतीत आलेले; परत निघण्याआधी शेजारच्याच दुकानात चाकात हवा भरून घेत होते. आपलं नाव ऐकून आलेच.

"काय दत्तोबा, पाय बी बंद, गाडी बी बंद?"

"तोंड चालू हाय अजून."

"मग चला की माझ्या गाडीतनं."

"आन् उतरताना आमच्या लोकांनी बघितलं तर? प्लास्टरमदी पैसं भरून आनलं म्हनत्याल."

मोहनराव हसले, तेवढ्यात संघपालनं धीर केला. "आबा, तुमच्या गाडीचा कपलर उघडून बघू द्या. तुमालाबी थांबावं लागंल."

मोहनराव घड्याळाकडं बघत राहिले. हिशेब त्यांना कळत नव्हता असं नाही. तालुक्यात तो त्यांच्याएवढा कुणालाच कळत नाही.

"उघड," ते म्हणाले. "चिठ्ठीनं आलेल्या अध्यक्षाला शिपाईबी उठून उभा ऱ्हात न्हाय. आन् दत्तोबा, मी मत मागत न्हाय."

"मागितलं तरी मिळायचं न्हाय."

"म्हनूनच मागत न्हाय."

संघपाल मोहनरावांच्या गाडीत स्टिअरिंगखाली आडवा झाला, ओळ बघून आला. पुन्हा पाच टर्मिनल काढायची, पुन्हा तीच काडी. पांढऱ्या वायरीची जीभ वाकली. श्वास रोखून त्यानं ती नखानं सरळ केली. शेवटचं टर्मिनल टक् करून बसलं. किल्ली फिरली, इंजिन लागलं.

दत्तोबांनी कुबड्या सोडून हात जोडले.

"ऱ्हाऊ द्या," मोहनराव म्हणाले, "एका पायावर तोल जाईल."

दोन्ही व्हॅन पाठोपाठ निघाल्या. सभेत मतदानाआधी दत्तोबा कुबड्यांवर उभे राहिले आणि गॅरेजातली सगळी हकीकत सांगितली. "ह्या मानसानं आज मला हितं आनलं. त्याचं उपकार मी जन्मभर इसरनार न्हाय." मग त्याच हकिकतीवर टाळ्या पडत असताना त्यांनी मोहनरावांच्या विरोधात हात वर केला. मोहनरावांनी मान डोलावली, जणू तेवढ्यासाठीच थांबले होते. निकाल सहा विरुद्ध पाच.

चूक आपली म्हणून संघपालनं मजुरी घेतली नाही, नव्या कपलरचे तेवढे पैसे घेतले. दत्तोबांना आभार मानावे लागले, तेही भर सभेत, तोंडभरून. बाकीचं सगळं मोहनरावांनी भरलं: एक मत, आणि त्यासोबत खुर्ची.