निळ्या पायऱ्या

दूध-पावडरच्या डब्याच्या तळाला चमचा खरवडला, तेव्हा बाहेर समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. बर्फ वरून पडतो अशी माझी आपली समजूत. इथे जर्मनीत, बाल्टिकच्या काठावर तो आडवा येतो, मुठी भरभरून फेकल्यासारखा.

"उरलं किती?" सासूबाईंनी विचारलं.

"एका बाटलीपुरतं, आई."

बाळंतपणानंतरच्या तापात माझं दूध आटलं, ते पुन्हा आलंच नाही. अन्वी पावडरच्याच दुधावर वाढत होती. नवा डबा होता माझ्या नवऱ्याच्या, उज्ज्वलच्या बॅगेत, आणि उज्ज्वल त्याच्या संस्थेच्या गावी, रॉस्टॉकला अडकलेला. गाड्या बंद, बस बंद, गावातलं एकमेव दुकान बंद. सकाळी फोनवर म्हणाला, "हर्षा, चालत निघू का?"

"वेड्यासारखं करू नकोस. एका वेळी एकाच लेकराची काळजी करू दे मला."

शेजारच्या फ्राऊ ब्रांट विचारपूस करायला आल्या, आणि माझ्या तोंडावरूनच काय ते समजल्या. सत्तरीची बाई, खुब्याचा सांधा बदललेला.

"आल्झो, तर मग," त्या म्हणाल्या, "बंदराजवळच्या घरात तान्हं बाळ आहे. मी जाऊन येते."

"तुम्ही कशाला? मी जाते."

"तुझे टाके अजून ओले. आणि बंधाऱ्याच्या आडोशाची वाट तुला ठाऊक नाही." टोपी कानावर ओढता ओढता त्या थांबल्या. "अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात असंच झालं होतं. माझा योर्ग एवढासा होता. शेजारणीनं स्वतःच्या अंगावर पाजलं त्याला. मी नुसता दुधाचा डबा आणतेय, त्यात काय."

आणि स्कीच्या काठ्या रोवत त्या गेल्यासुद्धा.

शेवटची बाटली अन्वीनं संपवली आणि वर आणखी मागितली. मी तिला खांद्यावर घेऊन घरभर फिरत राहिले. बऱ्याच वेळानं आई दारातून आत आल्या, पदर खोचलेला, हातात रिकामी बादली.

"काय करत होता बाहेर?"

"म्हातारी आपल्यासाठी एवढ्या वादळात गेली, तिच्यासाठी पायऱ्या तरी स्वच्छ नकोत? कढत पाणी ओतलं. झकास वितळला बर्फ. मग म्हटलं पाणी आहेच, तर सडाही टाकून घ्यावा."

नागपूरच्या अंगणात चाळीस वर्षं रोज सकाळी सडा टाकलेला हात तो. मी दार उघडलं. पाचही पायऱ्यांची काच झाली होती, आणि काचेवर ताज्या बर्फाचा पातळ पापुद्रा बसत होता. बघणाऱ्याला वाटावं, किती मऊ पायऱ्या.

"आई, हे गोठलंय सगळं."

त्यांनी पायाच्या अंगठ्यानं पहिली पायरी चाचपली आणि पाय झटकन मागे घेतला. घरातलं होतं नव्हतं ते मीठ मी टाकलं. मूठभरच होतं, ते वाऱ्यानं नेलं. तेवढ्यात कोपऱ्यावर फ्राऊ ब्रांटचं पिवळं जाकीट दिसलं. मी ओरडले, "थांबा, वर येऊ नका." कानटोपी आणि वारा, त्यातून काय ऐकू जाणार. उलट त्यांनी हात हलवला आणि झपझप यायला लागल्या. खांद्यावर अन्वी रडत होती. मला एकदम तो सांधा दिसला, मोडलेला.

आई आत पळाल्या. बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. परत आल्या त्या हातात निळ्या रांगोळीची पिशवी घेऊन. चौदा एप्रिलला भीमजयंतीसाठी म्हणून नागपूरहून वजनात बसवून आणलेली, घरात कुणाला हात लावू न दिलेली. त्या सरळ उंबऱ्यावर बसल्या आणि बसल्या बसल्याच एकेक पायरी खाली घसरत, दोन्ही हातांनी रांगोळी पसरत गेल्या.

"दगडाचाच भुगा आहे," त्या स्वतःशीच म्हणत होत्या. "धरून ठेव रे बाबा. धरून ठेव."

फ्राऊ ब्रांट खालच्या पायरीशी थबकल्या. पांढऱ्या जगात निळाभोर जिना, आणि शेवटच्या पायरीवर बसलेली, साडी भिजलेली माझी सासू.

"हे काय?"

"रंगीत वाळू," मी वरून म्हटलं. "खाली बर्फ आहे. आमच्यामुळे झालाय. सांभाळून."

"गेनाऊ, अगदी बरोबर, वाळूच लागते." त्यांनी बूट घासून बघितला. "पण एवढी देखणी आम्ही कधी टाकली नाही."

आईंनी उठून त्यांचा दंड धरला. दोघी एकमेकींना धरून वर आल्या; कोण कुणाला आणतंय ते सांगता आलं नसतं. मग जाकिटाची चेन उघडून फ्राऊ ब्रांटनी लोकरीच्या मफलरमधला डबा काढला. अर्ध्याहून जास्त भरलेला.

अन्वी प्यायला लागली तशी घरात शांतता झाली. आई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "पाडलंच असतं गं मी तिला."

"तुम्हीच वर आणलंत त्यांना, आई."

"जयंतीला आता पांढरीच काढावी लागेल."

"उज्ज्वल विचारेल निळी कुठे गेली."

"सांगेन, कामावर गेलीय."

चहा घेऊन फ्राऊ ब्रांट निघाल्या. आई त्यांना फाटकापर्यंत सोडून आल्या. मी खिडकीतून बघत होते. आमच्या पायऱ्यांपासून त्यांच्या दारापर्यंत बर्फावर निळसर पावलं उमटत गेली, आणि अन्वीनं बाटली संपवेपर्यंत ती दिसत राहिली.