रोमवर पोचलो

मित्रांनो, मी रोम शहराचा एक जुना मार्गदर्शक आहे. माणूस नव्हे, पुस्तक. पानं एकशे बारा, त्यातली चार वाळवीने वाचली.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. माझे लेखक रोममध्ये साडेतीन दिवस राहिले आणि तेवढ्यात त्यांना सगळं कळलं. 'पाणी विकत घेऊ नका, रस्तोरस्ती नळ आहेत', 'चर्चमध्ये जाताना खांदे झाका', 'कारंज्याकडे पाठ करून नाणं टाका, पाकिटाकडे मात्र पाठ करू नका' अशा स्वानुभवाच्या सूचना माझ्यात आहेत. भाव लिरांत आहेत. लिरा हे चलन बंद होऊन जमाना झाला.

अबुधाबीच्या एका मराठी कुटुंबाने मला घेतलं. रोमला निघताना त्यांचं सामान तीनशे ग्रॅम जास्त भरलं. माझं वजन तीनशे दहा. "बाबा, वी हॅव द फोन," मुलगी म्हणाली आणि मी पार्किंगमधल्या गाडीतच राहिलो. आठ दिवस त्यांनी रोम पाहिलं, मी गाडीचं छत पाहिलं. पुढे रद्दीच्या खोक्यातून मी अजमानला आलो आणि एका कचरापेटीशेजारी किसनला सापडलो.

किसनला माझी फार गरज होती. तो अजमानजवळच्या हमरियाच्या एका कारखान्यात वेल्डर. अजमानला सहा जणांत एक खोली. तिला इथे सगळेच 'रूम' म्हणतात. बायको सगुणा गावी. रोजचा फोन दीड मिनिटाचा.

"जेवलात?"

"जेवलो. तू?"

"जेवले."

पुढे दोघंही गप्प. मग नेट गेल्याचं निमित्त.

मी सापडायच्या आदल्या आठवड्यात किसनने सगुणाला पाठवायला फोनला तोंडी मजकूर सांगितला होता, "ड्युटी खलास, रूमवर पोचलो." फोनने लिहिलं, 'रोमवर पोचलो'. सगुणाने तो शेजारच्या गिरिजाकाकूंना वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी गावच्या एसटी थांब्यावर फलक लागला: 'रोमस्थित किसनराव यांचे हार्दिक अभिनंदन!' फोटो चुकून दुसऱ्याच किसनचा होता.

त्या दिवशी सगुणा चाळीस मिनिटं बोलली. "अहो, कसं आहे हो तिथं?" इतकं तिने त्याला कधी विचारलंच नव्हतं. किसनला खरं बोलवेना.

मग काय, रोज फोनवर माझं एकेक पान. मित्रांनो, माझे सोन्याचे दिवस ते! पण एकशे बारा पानं किती पुरणार? मी संपलो आणि किसन पदरचं घालू लागला.

"आंघोळीला चारला उठायचं, नाहीतर लाईन."

"रोममध्ये?"

"मग! आणि चपला आत घ्यायच्या. बाहेर ठेवल्या की गेल्या."

"अगं बाई!"

अशात गिरिजाकाकूंच्या मुलाला, विघ्नेशला, कंपनीने खरोखरच रोमला पाठवायचं ठरवलं. त्याचा फोन आला, "काका, पत्ता टाका. सगुणाकाकूने तुमच्यासाठी दोन किलो डिंकाचे लाडू दिलेत."

किसन माझं नकाशाचं पान उघडून बराच वेळ बसला. त्यात अजमान नव्हतं.

वरच्या खाटेवरून रत्नागिरीचा खैरुद्दीन म्हणाला, "किसनभाऊ, यल्ला, चल, सांगून टाक. नायतर लाडू जातील रोमला, नि आपण इथं हात चोळत बसू."

किसनने सगुणाला फोन लावला. "रोम नाही गं. रूम. फोनने चुकीचं लिहिलं नि मी तसंच राहू दिलं."

मला वाटलं, आता नेट जाणार.

"म्हणजे कारंजं?"

"पुस्तकातलं."

"आणि चपला जातात ते?"

"ते खरं आहे."

"चारची आंघोळ?"

"तेही."

ती नाक ओढून म्हणाली, "मला वाटलं रोमची माणसंच तसली. अहो, कॅमेरा लावा. झोपता कुठं ते दाखवा आधी."

किसनने खाट दाखवली. खिळ्यावरचा शर्ट, पाण्याचा कॅन, खैरुद्दीनचे लोंबणारे पायही दाखवले. फोन पन्नास मिनिटं चालला. मला कोणी उघडलंच नाही.

हल्ली मी खाटेच्या आखूड पायाखाली असतो. रोम मी पाहिलं नाही, आता पाहणारही नाही. वरून रोज हसणं ऐकू येतं, तेवढीच सोबत.

मित्रांनो, पुस्तकं जपा, खाटेला टेकू द्यायला विटा मिळतात. आणि घरापासून लांब राहणारं तुमचं कुणी असेल, तर त्यालाही मधूनमधून उघडून वाचा. 'जेवलात का' हे नुसतं मुखपृष्ठ असतं.