जागा केलेला प्रोसेसर

दुकानाबाहेर रांग लागली होती आणि आत ताईच्या भावाचं प्रवचन रंगात आलं होतं. "प्रत्येक प्रोसेसर जन्मतःच शक्तिमान असतो. कंपन्या त्याला झोपवून विकतात. मी फक्त जागं करतो." त्याने एका जुनाट कॉम्प्युटरवरून तांब्याची चकती फिरवली, डोळे मिटले आणि बटण दाबलं. एरवी सुरू होता होता चहा गार करणारा तो डबा चुटकीसरशी उघडला. पडद्यावर प्रोसेसरचं नावही सगळ्यात महागड्याचं. लोकांनी आ वासला.

ताई मागे उभी राहून हे पाहत होती. घरी बसून ती शिकवणीचे व्हिडिओ जोडून द्यायची. कॉम्प्युटर थकला म्हणून ती स्वस्तातला, पण नवा प्रोसेसर घेणार होती. तेव्हा भाऊ म्हणाला होता, "घरात वैद्य असताना बाहेरचं औषध कशाला?" पाठचा भाऊ, तिने डोळे झाकून कॉम्प्युटर त्याच्या हवाली केला.

कॉम्प्युटर परत आला तो झटकन सुरू व्हायचा खरा, पण व्हिडिओ तयार करायला लावला की पूर्वीसारखाच धापा टाकायचा. भावाला विचारलं, तर तो म्हणाला, "तुझी श्रद्धा कमी पडते. शंका घेतली की तो परत झोपतो." ती स्वतःलाच बोल लावत राहिली आणि तोवर हातातलं काम दुसरीकडे गेलं.

हे ऐकून शेजारच्या विज्ञानाच्या बाई तिच्यासोबत दुकानात आल्या होत्या. त्या पुढे झाल्या. "हाच कॉम्प्युटर आतल्या डिस्कऐवजी माझ्या पेनड्राइव्हवरून सुरू करा."

"ऊर्जा बिघडेल."

"बिघडू दे. चकती आहेच की तुमच्याकडे."

रांगेत खसखस पिकली. भावाचा नाइलाज झाला. पडद्यावर प्रोसेसरचं जुनंच नाव आलं.

ताईने स्वतः झाकण उघडलं. बाईंनी आत बोट दाखवलं. "जुनी फिरती डिस्क काढून वेगवान डिस्क बसवलीय, म्हणून सुरू पटकन होतो. खोटं नाव दाखवणारा छोटा प्रोग्रॅम त्याच डिस्कवर आहे. पेनड्राइव्हवर नाही, म्हणून खरं नाव दिसलं. प्रोसेसर आहे तोच आहे. जड काम त्यालाच करायचं असतं, ते कसं लवकर होणार?"

भाऊ ताईच्या कानाशी आला. "तू घरची. तू गप्प राहशील असं वाटलं होतं."

"नुसती डिस्क बदलतोय म्हणाला असतास, तरी मी तुझ्याकडेच आले असते," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही.

मग ती रांगेकडे वळली. "स्वस्त प्रोसेसर घेण्यात कमीपणा नाही. आपलं रोजचं काम सोबत आणा, दुकानात चालवून बघा, मगच घ्या. आणि शंका विचारली म्हणून जो तुमच्याच श्रद्धेला दोष देतो, तो सख्खा असला तरी त्याच्यावर विसंबू नका. मी विसंबले."