दमाची जागा

"तात्या, गोधडी काढू नका डोक्यावरची. आवाज घुमतोय."

"मी बी घुमतोय हितं आत," गोधडीतून गेणबा म्हणाले. "माणसाला गेल्यावर झाकत्यात. तू आधीच झाकलंस."

"असलं काय बोलू नका. आणि खोकला आला की हात वर करा. तेवढं मी नंतर कापते."

गोधडीतून लगेच एक हात वर आला, आणि त्यामागून खोकला आला. तो बराच वेळ चालला. शेवटी घसा खाकरून गेणबांनी पुन्हा नाव धरलं, "रामकृष्णहरी, जय जय रामकृष्णहरी." आवाज मात्र असा, की जणू मधे काही झालंच नव्हतं.

भाताच्या पोत्यांच्या खोलीत हे चाललं होतं. चारी बाजूंनी पोती रचलेली असली की आवाज भिंतीवर आपटून परत येत नाही, हे दिशानं स्वतःच शोधून काढलेलं. उलट्या स्टुलाच्या पायाला माईक बांधलेला, मांडीवर लॅपटॉप. दिशा पौडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती आणि आठवड्यातले तीन दिवस दोन एसट्या आणि एक टमटम बदलून मारुंजीला जात होती, सॉफ्टवेअरवर गाणी कशी बनवतात, जुन्या आवाजाचं रिमिक्स कसं करतात ते शिकायला. गेणबा तिच्या आजोबांचे धाकटे भाऊ. आजोबा गेले, तेव्हापासून दोन्ही घरांत वडील माणूस ते एकटेच. त्यांना आणि त्यांच्या बायकोला, रंभाबाईंना, स्वतःचं मूल नव्हतं; दिशा रंभाबाईंना मोठीआई म्हणायची. कोळवणच्या अलीकडची ही वाडी त्यांना विणेकरी म्हणून ओळखायची.

सप्ताह दहा दिवसांवर आला होता. सप्ताहात सात दिवस वीणा जमिनीला टेकवत नाहीत. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो आणि घेणारा देणाऱ्याच्या. तोवर तार आणि नाव दोन्ही चालू. पहाऱ्याची यादी पूर्वी भिंतीवर मावायची नाही. आता पोरं हिंजवडीला शिफ्टला, बाया खळ्यावर आणि उरलेले फार्महाऊसवर राखणीला. दुपारी दोन ते चार या रकान्यात सातही दिवस एकच नाव होतं, गेणबा.

आणि गेणबांना दम पुरत नव्हता.

तोड काढली ती हैबतरावांनी. सप्ताहाचा सगळा कारभार त्यांच्याकडं. ते दिशाला म्हणाले, "तात्या इणा घेऊन हुबं ऱ्हातील. तार वाजवतील. नाव तेवढं तुझ्या मशीनमधनं येऊ दे. पर हे तुझ्यामाझ्यात. देवाचा पहारा पेनड्राईव्हवर दिला म्हणून शेजारची गावं दात काढतील."

"मोठीआईला पण नाही सांगायचं?"

"रंभाकाकीला तर मुळीच न्हाई. तिनं सांगितलं म्हंजी भोंग्यानं सांगितलं."

दिशा हो म्हणाली. हैबतराव गावातले मोठे, आणि तिलाही तो आवाज हवा होता.

*

मारुंजीचा क्लास मोबाईलच्या कव्हरांच्या दुकानावर होता. शिकवणारा ओम तिच्यापेक्षा फार तर सहा वर्षांनी मोठा. त्यानं गेणबांचा आवाज हेडफोनवर ऐकला आणि हेडफोन काढून तिच्याकडं बघितलं.

"कोण आहे हा माणूस?"

"आमचे तात्या."

"टेक्स्चर बघ काय आहे. फक्त साफ कर. ब्रीद सगळे काढ."

"सगळे?"

"ब्रीद म्हणजे रिकामी जागा. रिकामी जागा आली की ऐकणाऱ्याचा अंगठा पुढं सरकतो." पडद्यावरच्या निळ्या लाटांमधल्या बारीक कुसळांवर त्यानं बोट ठेवलं. "हा श्वास. हा खोकला. हा पण खोकला. बापरे, किती खोकतात. पण एक ऐक, डिलीट काही करायचं नाही. खालच्या ट्रॅकवर टाक, म्यूट कर, नाव दे. उद्या काय लागेल सांगता येत नाही."

दिशानं खालच्या ट्रॅकला नाव दिलं, 'कचरा'.

दोन दिवस ती श्वास वेचत होती. एकेक उचलून खाली टाकला की वरची दोन नावं एकमेकांना येऊन चिकटायची. सांधा कळू नये म्हणून कडा घासायच्या. शेवटी चार मिनिटं बारा सेकंदांचा तुकडा तयार झाला. त्याचं शेवटचं 'हरी' पहिल्या 'राम'ला असं जाऊन मिळत होतं, की सुरुवात कुठली ते तिचं तिलाही सांगता येईना. त्याच आवाजाखाली ठोका घालून तिनं रिमिक्सही बांधलं. ओमनं ते मोठ्या स्पीकरवर लावलं तेव्हा खिडकीची काच थरथरली आणि खालच्या दुकानातला माणूस मान हलवत जिन्यापर्यंत आला.

"हे फायनलला दे," ओम म्हणाला. "पुढच्या बॅचला तू माझी असिस्टंट."

असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. परतीच्या एसटीत ती ते वाक्य पौडपर्यंत पुन्हापुन्हा ऐकत आली.

गेणबांना तिनं दोन्ही ऐकवलं, गोठ्याच्या कट्ट्यावर, सकाळच्या उन्हात. रिमिक्स संपल्यावर ते म्हणाले, "कुणीतरी दार ठोठावतंय आन् मी आतनं नाव घेतोय, असं वाटतंय." मग साधं ऐकलं. चार मिनिटं झाली, आठ झाली. त्यांनी हेडफोन हळूच काढून मांडीवर ठेवला.

"खोकला कुटं गेला?"

"काढला."

"आन् दम?"

"तो पण."

त्यांनी तिच्याकडं असं बघितलं, की तिला उगाच ओढणी सारखी करावीशी वाटली.

"कीर्तनात बुवा दम का घेतो गं?"

"लागतो म्हणून."

"लागतोच. पर तिथंच मागचा टाळकरी ओळ उचलतो. ती दुसऱ्याला द्यायाची जागा असती. मी दम घेतला म्हंजी तू नाव उचलायचंस. ह्या डब्यानं कुणाला जागाच ठिवली न्हाई." मग ते स्वतःच हसले, तिला वाईट वाटायला नको म्हणून. "चांगलं झालंय. एवढं सलग तर मी तरणा असताना बी म्हटलं न्हाई. फकस्त रंभाला कळू देऊ नगं. ती माझ्या खोकल्यावर घड्याळ लावती."

*

ते खरंच होतं. देवळावरचा भोंगा सगळ्या शिवारात ऐकू जायचा. गेणबांचा पहारा असला की रंभाबाई खळ्यावरून कान तिकडं ठेवायच्या. चारदोन नावांमागं खोकला यायचा. तो ओला की कोरडा, जवळचा की पोटातून आलेला, हे त्यांना कळे. लागोपाठ तीनदा आला की त्या ओव्याचं पाणी उकळून देवळात पाठवायच्या. आजवर त्यात चूक झाली नव्हती.

सप्ताह सुरू झाला. दोनला वीणा गळ्यात घ्यायची आणि अ‍ॅम्प्लिफायरवरचं पेनड्राईव्हचं बटण दाबायचं. त्या बटणावर दिशानं अष्टगंधाचा ठिपका लावून दिला होता. माईक खाली, वीणेच्या भोपळ्याशी बांधलेला. तार खरी ऐकू यायची. खोकला आलाच तर गेणबा उपरण्याचा बोळा तोंडाशी धरायचे.

पहिल्या दिवशी रंभाबाई भात झोडत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी झोडणी थांबवून दोनदा देवळाकडं बघितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाणी उकळलंच नाही.

पाचव्या दिवशी दुपारी दिशा खळ्यावर त्यांच्यासोबत भात पाखडत होती. ऊन होतं, पण सावलीला गार वारा. वरून आवाज येत होता, रामकृष्णहरी, रामकृष्णहरी, एकसारखा.

"ऐकलंस का?" रंभाबाई म्हणाल्या. "चार दिस झालं, एक खोकला न्हाई. देवाला काळजी, बाई."

दिशानं सूप पुन्हा भरून घेतलं.

"रातचं घरी मातूर खोकत्यात. म्हटलं, हे कसं? तर म्हणत्यात, देवळात देव दम देतो. घरात तू घेतीस." त्या तोंडाला पदर लावून हसल्या. "म्हातारपणी लई वंगाळ बोलाय लागल्यात."

"मोठीआई," दिशा म्हणाली.

"काय गं?"

"काही नाही."

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. ती सूप हलवत राहिली. कोंडा उडत होता, आणि डोक्यात सवयीनं तुकडा मोजला जात होता. हा सांधा गेला, आता चार मिनिटं बारा सेकंदांनी पुढचा. सांधा कुणालाच कळत नव्हता. तिलाच तेवढा कळायचा, कारण तिथं गेणबा तार जरा जोरात छेडायचे, मागचा टाळकरी ओळ उचलतो तशी. पहिल्याच दिवशी त्यांनी ती फट शोधली होती. ती ऐकून दिशाला हसू आलं होतं.

सांधा आला आणि गेला. जोराची तार आली नाही.

तिनं सूप थांबवलं.

"काय झालं?"

"थांबा जरा."

तिनं डोळे मिटले. क्लासमध्ये ओम मिटायला लावायचा तसे. वरचा आवाज बाजूला करायचा, त्याच्या खालचा ऐकायचा, मग त्याच्याही खालचा. नाव होतं. स्पीकरची घरघर होती. लांब कुठंतरी मळणीचं यंत्र होतं. तार नव्हती. जोराची नव्हती आणि हळूही नव्हती. किती वेळ नव्हती, ते तिला सांगता येईना. सबंध खोऱ्यात नाव दुमदुमत होतं आणि त्याच्या खाली कुणी नव्हतं.

सूप तिच्या हातून पडलं. ती बांधावरून धावत सुटली तेव्हा मागून रंभाबाईंचा आवाज आला, "अगं, पाणी न्यायचंय का? आज खोकला न्हाई त्येंना."

*

देवळात कुणी नव्हतं. समई चालू होती. आवाज इतका मोठा होता, की आत शिरल्यावर तिला क्षणभर सगळं ठीकच वाटलं.

गेणबा खांबाला पाठ लावून खाली बसले होते. मान वीणेवर कलली होती, उपरण्याचा बोळा मुठीत. खाली सरकताना त्यांनी एक पाय पुढं घेतला असावा. वीणेचा भोपळा त्या पायाच्या पंजावर टेकला होता. फरशीला लागला नव्हता.

तिनं हाका मारल्या. मनगट धरलं. नाकाशी बोटं धरली. आणि वरून तोच माणूस, त्याच गळ्यानं, न दमता नाव घेत होता.

तिनं बटण दाबलं.

देवळात अशी शांतता झाली, की खालच्या ओढ्याचं पाणी ऐकू आलं. खळ्यांवरची झोडणी थांबली. सप्ताहातलं नाव मधेच तुटलेलं त्या शिवारानं कधी ऐकलं नव्हतं. लोक येणार हे तिला कळलं. हैबतराव येतील, जीप येईल. तोवर काय करायचं ते मात्र तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि तरी ते तिला ठाऊक होतं. तिनं गेणबांच्या पायांवर डोकं ठेवलं, त्यांच्या गळ्यातून वीणा काढली आणि आपल्या गळ्यात घातली. भोपळ्याशी बांधलेला माईक वर ओढला आणि तार छेडली. नाव तोंडातून येईना. मग आलं. दर दोन नावांमागं तिला धाप लागत होती, आणि ती धाप भोंग्यातून पार पलीकडच्या डोंगरापर्यंत जात होती.

पौडच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "दीड तास तरी झाला असेल. आधी आणलं असतं तर," आणि कागद पुढं ओढून लिहायला लागले.

*

दिवसकार्य झालं. हैबतराव दाराशी येऊन चपला न काढता उभे राहिले. "दत्तजयंतीच्या मिरवणुकीला ते तुझं ठोक्याचं लावू म्हणत्यात पोरं. तात्यांच्या नावानं."

"ते ठोक्याचं नाही आता," दिशा म्हणाली.

ते मान खाली घालून निघून गेले. ओमचे तीन मेसेज येऊन पडले होते. फायनलची तारीख उलटून गेली होती.

रंभाबाईंना सगळं कळलं होतं. कुणी सांगितलं कोण जाणे. तेरा दिवस त्या दिशाशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. चौदाव्या दिवशी सकाळी दिशा त्यांच्या ओट्यावर जाऊन बसली. त्या चुलीपुढं होत्या. पाठ न वळवताच त्या म्हणाल्या,

"तुझ्या डब्यात हायेत का गं ते अजून?"

"नाव आहे. लावू?"

"नाव नगं. नाव देवाचं हाय, कुणाच्या बी तोंडात बसतंय." त्यांनी फुंकणी खाली ठेवली. "त्यातनं तू काय काय काढलंस म्हणं. ते टाकून दिलंस का?"

दिशा उठून घरी गेली आणि लॅपटॉप घेऊन आली. वरचे सगळे ट्रॅक तिनं बंद केले. खालचा उघडला.

आधी नुसता श्वास आला, मोठा, घरघरीत. मग आणखी एक. मग खोकला. गोधडी सरकल्याचा आवाज. पुन्हा खोकला, पोटातून आलेला. त्याच्या मागून जरा लांबून, "झालं का गं पोरी? का आजून कापायचं हाय?" आणि लगेच तिसरा.

रंभाबाई उठल्या. फडताळातून ओव्याची पुडी काढली, पातेल्यात तांब्याभर पाणी ओतलं आणि चुलीवर ठेवलं.

पाणी उकळेपर्यंत दिशानं ट्रॅक थांबवला नाही.